बाबा उठून जातात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एकतीस वर्षांचा, इंदूरमध्येच वाढलेला मराठी मुलगा. चार वर्षांपासून ख्रिस्ताला मानतो. सुदामानगरात आई-बाबांबरोबर राहतो. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. येशूचं नाव काढलं की पेपरची घडी घालतात आणि उठून जातात. ताईनं माझे रोजचे वचनाचे मेसेज म्यूट केलेत. ऑफिसातला मित्र सगळं हसण्यावारी नेतो. पुढच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्या निमित्तानं पाळकांना घरी प्रार्थनेला बोलवावं असं मनात आहे. मी कुठे चुकतोय? की यांची मनंच कठीण आहेत आणि आता सोडून द्यावं?"

पाळकांना बोलवू नकोस. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी.

वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून अरे-तुरे करते. मी चौतीस वर्षं इंदुरात नर्स होते. नोकरी संपल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीच्या वतीनं आजाऱ्यांच्या, एकट्या पडलेल्यांच्या भेटी घेत फिरते. सासरे नगरकडचे, त्यामुळे घरात मराठी भजनं आणि रविवारी चर्चमध्ये हिंदी उपासना, असं आमचं दोन्हीकडचं. प्रवचनं देणाऱ्यातली मी नाही. पण ज्यांना ऐकायचं नसतं अशा माणसांच्या उशाशी मी आयुष्य काढलंय, त्यातून एक नियम शिकले. अंथरुणावर आडव्या पडलेल्या माणसाला उपदेश करायचा नाही.

हा नियम मला एका पेशंटनं शिकवला. १९८७ ची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची, अंगात भलताच उत्साह. वॉर्डात रामबागेतल्या एक काकू होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. रात्रपाळीला मी त्यांच्या उशीखाली येशूबद्दलची एक छापील पत्रिका सरकवून ठेवली. सकाळी टेम्परेचर घ्यायला गेले तर त्यांनी ती नीट चार घड्या घालून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "सिस्टर, इंजेक्शन तुमच्याच हातचं घेईन, दुखत नाही. पण हा कागद नको. मला उठून जाता येत नाही म्हणून ठेवलात ना?"

मला रडू आलं, कारण ते खरं होतं.

तुझे बाबा उठून जातात याचं तुला वाईट वाटतं. मला मात्र तुझ्या प्रश्नात तीच सगळ्यात आशेची ओळ वाटली. ते ओरडत नाहीत, तुला घराबाहेर काढत नाहीत. पेपरची घडी घालतात आणि जातात. एवढी एक मोकळीक त्यांनी स्वतःसाठी ठेवली आहे. डोळ्याला पट्टी बांधून पडलेले असताना तू पाळकांना घेऊन आलास तर तीही गेली. त्या दिवशी ते कदाचित काही बोलणार नाहीत आणि तुला वाटेल, आज ऐकलं.

आता त्यांना काय ऐकू येतं ते बघू. तू म्हणतोस, "येशू". त्यांना ऐकू येतं, "पोरगा बाटला". हा शब्द तुझ्या घरात कुणी तोंडावर उच्चारला नसेल, पण तो कुठेतरी आहेच. मराठी घरात त्याच्यामागे मोठी रांग असते: आता याच्याशी लग्न कोण करणार, गणपतीत हा आरतीला उभा राहणार की नाही, पाहुण्यांना काय सांगायचं. आणि रांगेच्या टोकाला एक प्रश्न, जो कुठलाही बाप मुलाला विचारत नाही. माझ्या चितेला अग्नी कोण देणार?

हसू नकोस. अशा किमान आठ-दहा घरांत मी बसले आहे. बापाचं वय साठीच्या पुढं गेलं की विरोधाच्या तळाशी बहुतेक वेळा हेच सापडतं. ख्रिस्ताबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नसतं, कधी कधी आदरच असतो. इंदूरच्या कितीतरी मध्यमवर्गीयांनी मिशनच्या शाळा-कॉलेजात शिक्षण घेतलंय. इथलं ख्रिश्चन कॉलेज १८८७ पासूनचं. भीती आहे ती मुलगा हातचा जाण्याची. तू शास्त्रातले दाखले देत राहतोस आणि त्यांच्या मनात रामबागेचं स्मशान, मुक्तिधाम.

तेव्हा हा विषय तूच काढ, आणि येशूचं नाव न घेता काढ. "बाबा, तुमचं काही झालं तर खांदा मी देईन, शेवटपर्यंत मी असेन," एवढं स्पष्ट मराठीत सांग. अग्नी देण्याबद्दल पाळकांची मतं सारखी नाहीत. मला विचारशील तर बापाच्या देहाला अग्नी देणं हे मुलाचं कर्तव्य आहे, आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेत ते बसतं. पिंडदान आणि मंत्र ही वेगळी गोष्ट, तिथे तुझ्या विवेकाला पटेल तसं तुझ्या पाळकांशी आधीच बोलून ठरव. पण आधीच. मुक्तिधामाच्या ओट्यावर उभं राहून ठरवायच्या या गोष्टी नव्हेत. मी दोनदा ते पाहिलंय, आणि दोन्ही वेळा त्या कुटुंबाची ख्रिस्ताकडे बघण्याची दारं-खिडक्या कायमची बंद झाली.

गणपतीचंही तेच. आरतीला उभं राहायला मन घेत नसेल तर राहू नको. पण मखर बांधायला, गाद्या घालायला, नंतरची भांडी घासायला तू असलाच पाहिजेस. प्रसाद नको असेल तर गप्प राहून नको म्हण, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचा, बायबलातल्या करिंथकरांच्या पत्राचा अध्याय तिथे उघडू नकोस. ताईकडून राखी बांधून घे. (बांधून घेत नसशील तर का, हे मला खरंच कळणार नाही.)

घरातल्या माणसाची वाट कशी बघावी याचं आपल्या मराठीतलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. बायकोवर आकाश कोसळलं. बराच काळ दोघं वेगळी राहिली. पुढं एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं, वेगळा स्वयंपाक, सगळं चालूच होतं. टिळक स्वभावानं तापट, एरवी कशावरूनही भडकणारे. पण या बाबतीत त्यांनी तिला जबरदस्तीनं ओढलं नाही. जातीचे भेद देवानं केलेले नाहीत, माणसांनी केलेत, हे लक्ष्मीबाईंच्या मनानं स्वतःहून घेतलं, तिथून त्यांचं सोवळं सुटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाच वर्षं, तीही कवीसारख्या शब्दांच्या मालकाला. आणि टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन', येशूच्या चरित्रावरचं काव्य, पूर्ण कुणी केलं? तिनंच. तुझी तर चारच झाली आहेत, असं म्हणणार होते, पण तेही बरोबर नाही. पाच वर्षांनी फळ मिळेल अशी हमी त्यात नाही. दुसऱ्या कित्येक घरांत ते कधीच आलं नाही, आणि त्या नवऱ्यांची किंवा बायकांची, लक्ष्मीबाईंनी लिहिली तशी, स्मृतिचित्रं कुणी लिहिली नाहीत.

येशूच्या स्वतःच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सरळ लिहिलंय. तीस-तेहतीस वर्षं एका ताटात जेवलेली माणसं. त्यातला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला, पण पुनरुत्थानानंतर. मग तुला चार वर्षांत जमलं नाही म्हणून तू कुठे चुकतोस हा प्रश्नच जरा मोठेपणाचा आहे, रागावू नकोस.

चुकतोस मात्र काही ठिकाणी, आणि ते सांगायलाच हवं.

एक म्हणजे ते रोजचे मेसेज. उगवत्या सूर्याच्या चित्रावर वचन. बंद कर, आजच. ताईनं म्यूट केलंय म्हणजे ती ग्रुप सोडून गेलेली नाही, यात तिचा भलेपणा बघ. एखाद दिवशी तिची मुलगी आजारी असेल, तिला रात्री झोप नसेल, तेव्हा फक्त तिला, फक्त एक ओळ पाठव. ती वाचेल. रोज सकाळी सहाला येणारी ओळ कुणीच वाचत नाही, खरं सांगायचं तर मीही वाचत नाही, आमच्या मंडळीच्या ग्रुपवरची.

दुसरं, भाषा. तुझा सगळा विश्वास हिंदी सभांमध्ये वाढलाय हे तुझ्या पत्रावरून दिसतं. "चंगाई", "आशीष", "प्रभु ने मुझसे कहा" हे घरात तसंच्या तसं बोललास की आईला वाटतं, हा कुठल्यातरी परक्या लोकांत गेला. चंगाईला आपण बरं होणं म्हणतो ना? मग तेच म्हण. आणि "आपण सगळे पापी" हे वाक्य बाबांपुढे पुन्हा उच्चारू नकोस. ज्यानं तीस-पस्तीस वर्षं बँकेत दुसऱ्याचा एक रुपया खिशात घातला नाही, त्याला ते शिवीसारखं लागतं. सिद्धांत म्हणून ते खोटं नाही, पण साक्ष म्हणजे आपलं स्वतःचं सांगणं. तू रागीट होतास, सिगारेट ओढत होतास, आईशी खोटं बोलत होतास, त्यातलं काय बदललं, ते सांग. तेही विचारलं तर. आणि विचारण्याआधी ते बदललेलं त्यांना दिसलं पाहिजे. चार वर्षांत घरातल्यांना ते दिसलंय का, हे तू आईला एकदा धीर करून विचार. मी माझ्या मुलाला विचारलं होतं. उत्तर फारसं चांगलं नव्हतं.

बाबा काही वाचतात का? हरिपाठ, ज्ञानेश्वरी, तुकारामाची गाथा? तर तू ते ऐक. त्यांच्या शेजारी बसून ऐक. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण ते ऐकून लगेच बाबांना त्या पुलावर ढकलायला जाऊ नकोस, त्यांना कळेल. तुकाराम हे आपलं गळ लावायचं गांडूळ नव्हे. ज्यांनी आयुष्यभर ते अभंग म्हटले त्यांना देवाबद्दल काही ठाऊक आहे, हे मनापासून मान. मी तीन-चार वर्षांपूर्वी एका आजोबांकडे जात होते, ते मला दर खेपेला एक अभंग समजावून सांगत. दीड वर्ष मी नुसती ऐकत होते. माझं स्वतःचं प्रार्थना करणं त्यानं सुधारलं, हा माझा फायदा. त्यांचं काय झालं ते देवाला माहीत.

ऑफिसातल्या मित्राबद्दल फार लिहीत नाही. त्याला एकदा सरळ सांग, "तुला नको असेल तर मी विषय काढणार नाही," आणि मग खरोखर काढू नकोस. हसणारी माणसं पुष्कळदा तपासत असतात की हा शब्द पाळतो का. आणि पुष्कळदा त्यांना खरंच कंटाळा आलेला असतो. दोन्ही शक्य आहे. येशूकडे आलेला तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही. मार्कानं लिहिलंय की त्याच्याकडे पाहून येशूला त्याच्यावर प्रीती वाटली. प्रीती वाटली आणि जाऊ दिलं.

उलट जो भांडतो त्याची चिंता करू नये. झाशीजवळच्या खेड्यात १८२५ साली जन्मलेले नीळकंठशास्त्री गोरे, आपल्या या उत्तरेकडच्या मराठी माणसांपैकीच, काशीत मिशनऱ्याला वादात हरवायला गेले होते. वाद लांबला. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या विचारांवर ज्यांचा मोठा प्रभाव पडला त्यांत हे गोरे होते. वाद घालायला येणाऱ्याला निदान विषयात रस असतो.

कायद्याचंही एकदा बोलून टाकते, कारण तुझ्या वयाची मुलं तिकडे दुर्लक्ष करतात. आपल्या मध्यप्रदेशात धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ लागू आहे, त्याआधी १९६८ चा होता. बळजबरी, फसवणूक, प्रलोभन यांनी केलेलं धर्मांतर हा गुन्हा. प्रलोभनात पैसा आणि भेटवस्तू तर आहेतच, पण नोकरी, धर्मसंस्थेच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण, बरं राहणीमान, दैवी कृपेचं आश्वासन, हेही येतं. म्हणजे "प्रार्थनेनं तुमचा डोळा बरा होईल, मग विश्वास ठेवा" हे वाक्य नुसतं वाईट नाही, धोक्याचंही आहे. ज्याला धर्म बदलायचा आहे त्यानं साठ दिवस आधी कलेक्टरकडे घोषणापत्र द्यावं, आणि विधी करणाऱ्यानंही तेवढ्याच मुदतीची सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. यावर कोर्टात वाद झालेले आहेत, तेव्हा कधी तशी वेळ आली तर आधी वकिलाला विचार, माझ्यासारख्या नर्सला नको. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लॉस खटल्यात, जो मध्यप्रदेशातूनच गेला होता, म्हटलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्यातले काही जण त्यावर अजून नाराज आहेत. मला ते वाक्य कोर्टानं सांगावं लागलं याचीच लाज वाटते. कोण कुणाला बदलतो? पौलानं लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं देवानं. हे आपल्याच शास्त्रात आहे.

आणि इंदूरचा माणूस म्हणून तुला राणी मारिया ठाऊक असाव्यात. केरळच्या कॅथलिक सिस्टर, देवास जिल्ह्यात उदयनगरकडे आदिवासींमध्ये काम करत, सावकारीच्या कचाट्यातून त्यांना सोडवत. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. तो सुटल्यावर केरळला त्यांच्या घरी गेला, आईनं त्याचे हात हातात घेतले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तोही हजर होता. मी प्रोटेस्टंट आहे, संतपदाच्या या गोष्टी आमच्यात नाहीत. पण त्या राखीपुढे माझ्या सगळ्या पत्रिका मला फिक्या वाटतात.

आता रामबागेच्या काकूंचं राहिलेलं. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. पापड-कुरडया करून विकायच्या, तेव्हा दर उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जायची. विषय मी पुन्हा काढला नाही. नाताळला करंज्या न्यायची, दिवाळीला चकल्या आणायची. सतरा वर्षं. २००४ मध्ये माझे यजमान गेले. दफन झालं, माणसं पांगली, आणि संध्याकाळी काकू डबा घेऊन दारात. पिठलं-भात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या सुतकाचे दिवस मोजत होत्या, आमच्यात सुतक नसतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला सांगवलं नाही. तेराव्या दिवशी डबा ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्यात आज काय करतात गं? गोडाचं कधी करायचं?"

मी म्हटलं, "आमच्यात तेरावा नसतो काकू. तिसरा असतो."

"तिसरा? मग तो तर झाला. तेव्हा काही केलं नाहीस."

"माझ्या घरचा नाही. येशूचा."

आणि मग सांगितलं. शुक्रवारी काय झालं, रविवारी पहाटे बाया कबरीकडे कशा गेल्या, दगड लोटलेला होता. दहा मिनिटं लागली असतील. सतरा वर्षांत पहिल्यांदा, आणि आडवी मीच होते म्हण ना. काकूंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "बरं. कालचा डबा घासलायस का?" आणि घेऊन गेल्या.

त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. २०१६ मध्ये गेल्या. मुलानं फोन करून बोलावलं, मी मुक्तिधामात मागे उभी होते. माझ्याकडे शाळेची एक वही आहे, त्यात मी ज्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते त्यांची नावं असतात. त्यांचं नाव मी खोडलेलं नाही. ते का, हे मला शास्त्रातून नीट सांगता येणार नाही. तुझ्या बाबांचं नाव मला माहीत नाही, म्हणून "सुदामानगरचे बाबा" असं लिहून ठेवलंय. तूही वही कर, पण त्यांना सांगू नकोस. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" हे काही घरांत धमकीसारखं वाजतं.

राहिलं ऑपरेशन. त्या दिवशी रजा घे. घरी आणल्यावर पुढचे काही आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतील, दिवसातून किती वेळा ते डॉक्टर लिहून देतील. ते काम आईवर टाकू नकोस, तूच कर. साबणानं हात धुवून घे. त्यांना उताणं झोपव, खालची पापणी हलकेच खाली ओढ, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नकोस. दोन वेगवेगळी औषधं असली तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची असतात. ती पाच मिनिटं ते डोळे मिटून पडलेले असतील आणि तू शेजारी बसलेला असशील. तेव्हा काही बोलू नकोस.